दाढीच्या साबणाची वडी स्टीलच्या डबीत बसवताना: कामाच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

भाचा स्टुटगार्टला असतो. सुट्टीला येताना त्याने टॅबॅकचा दाढीचा साबण आणला, १२५ ग्रॅमचा. हा साबण पांढऱ्या जड भांड्यासकट मिळतो आणि भांडं रिकामं झालं की आत टाकायला नुसती वडीही मिळते. त्याने वडी आणली. "मामा, भांडं बॅगेत फुटलं असतं आणि वजनही मारत होतं." म्हणणं रास्त आहे. पण ही वडी त्या भांड्याच्या पोटात नीट बसावी म्हणून खालून गोलसर असते. सपाट बुडाच्या वाटीत ठेवली तर डुलते, आणि ब्रश फिरवायला गेलं की ब्रशाबरोबर वडीच गरगर फिरते.

माहितीसाठी: टॅबॅक हे जर्मनीतल्या स्टोलबर्गच्या माउरर उंड विर्ट्झ कंपनीचं नाव, १९५९ पासूनचं. साबण अतिशय कडक. कीस करून, रुळांतून दाबून काढलेला असतो, नखाने ओरखडाही नीट उठत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

भांडं काय घ्यायचं? घरात आजोबांची पितळी वाटी आहे, दिसायला झकास. साबण आणि पितळेचं जमत नाही असं ऐकून होतो, म्हणून वडीला हात न लावता फक्त ओल्या ब्रशाने वाटीत थोडा फेस चोपडून ठेवला आहे. उद्या बघू.

५ मे

फेस सुकला तिथे कडेकडेने हिरवट वर्तुळ उठलं आहे. साबण अल्कधर्मी असतो आणि पितळेत तांबं असतं, त्यामुळे हे व्हायचंच. एका रात्रीत एवढं, तर चार महिन्यांत काय होईल? वाटी चिंचेने घासून परत फडताळात. अॅल्युमिनियमही याच कारणाने बाद, ते तर साबणाच्या पाण्याने काळं पडतं. काचेचं किंवा चिनी मातीचं चालतं, पण न्हाणीघरात ओल्या हातातून सुटलं की संपलं. स्टील घेणार.

१० मे, शनिवार

बाजारात भांड्यांच्या दुकानात जाऊन स्टीलची डबी घेतली. आतून रुंदी साडेआठ सेंटीमीटर, खोली पाच, सैल बसणारं झाकण, १६० रुपये. दुकानदाराने याहून स्वस्त, ९० रुपयांचीही दाखवली होती. ती अरुंद होती. माझ्या ब्रशाचे केस पसरल्यावर सहा-साडेसहा सेंटीमीटर होतात, त्यामुळे आठच्या खालची डबी कामाची नाही.

उंचीचा हिशेब असा करा. डबीत १२५ मिलिलिटर पाणी ओता आणि बघा कुठवर येतं. माझ्या डबीत सव्वादोन सेंटीमीटरला थोडं कमी आलं. साबण पाण्यापेक्षा किंचित जड, पण दाबून भरलेल्या किसात फटी राहतात, म्हणजे जवळजवळ तेवढ्यावरच थांबतो. वर पावणेतीन सेंटीमीटर कड मोकळी राहिली. दोन तरी हवीच, नाहीतर फेस बाहेर सांडतो.

या खरेदीत एक गोष्ट बघायची राहिली, ती म्हणजे पत्र्याची जाडी. अंगठ्याने डबीचं बूड दाबून बघायला हवं होतं. का ते १८ मेच्या नोंदीत येईल.

११ मे, रविवार

एकदम टॅबॅकच्या वडीवर हात चालवायचा नाही म्हणून आधी आर्कोच्या कांड्यांवर सराव. आर्को तुर्कस्तानचा, ७५ ग्रॅमची कांडी, ऑनलाइन मिळते. कांडी गालावर घासून वापरायची असते, पण वाटीत दाबून बसवणारेही पुष्कळ आहेत. किसणी नवी आणली, ६० रुपये. स्वयंपाकघरातली वापरण्याचा विचारही करू नका. साबणाचा वास नारळाला लागतो हे एक, आणि दुसरं कारण आमच्या आईने वेष्टण हातात घेऊन शोधलं. आर्कोच्या घटकांत पहिलंच नाव पोटॅशियम टॅलोवेट, म्हणजे जनावराच्या चरबीचं. मीच वाचून दाखवलं. आई म्हणाली, "तुला तोंडाला लावायचं तर लाव. माझ्या ओट्यावर नको." मुक्काम मागच्या पडवीत हलवला. टॅबॅकमध्येही पूर्वी चरबी असायची, आताच्या घडणीत नाही. तरी पडवीच बरी.

आर्कोचं काम मात्र फारच सोपं निघालं. मऊ साबण. किसणीवर लांब लांब पट्ट्या निघतात, प्लॅस्टिकच्या डबीत टाकून अंगठ्याने दाबल्या की एकमेकींना चिकटतात. पाण्याचा थेंब लागला नाही. वरून ओल्या चमच्याची पाठ फिरवली की गुळगुळीत. ज्यांच्याकडे आर्को किंवा तसलाच मऊ साबण आहे त्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

१३ मे

टॅबॅक वितळवून ओतता येईल का, हा प्रश्न डोक्यातून जाईना. वितळला तर किसणं नको आणि दाबणंही नको. सुरीने वडीच्या गोलसर बाजूचे १० ग्रॅम खरवडून दोन वाटे केले.

पहिला वाटा: उकळत्या पाण्यावर वाटी ठेवून. वीस मिनिटांनी कडेचे तुकडे अर्धपारदर्शक आणि चिकट झाले, मधले तसेच कोरडे. चमचाभर पाणी घातलं तर गोळा झाला, ओतता येईल असं काही नाही. सुवास मात्र अख्ख्या घरात पसरला, म्हणजे साबणातून गेला.

दुसरा वाटा: मायक्रोवेव्हमध्ये पंधरा सेकंद. तळणीत टाकलेल्या कुरडईसारखा फुलला. आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती साबणाला फुगवते. गार झाल्यावर हलका, सच्छिद्र, चिवट तुकडा हातात आला. ब्रश घासून बघितला तर फेस येतो, पण पाणी पिऊन लगेच लिबलिबीत होतो.

कारण साधं आहे. सोडियमचा साबण खऱ्या अर्थाने वितळायला २०० अंशांच्या पुष्कळ वरची उष्णता लागते. घरच्या शेगडीवर जे होतं ते वितळणं नसतं, पाणी आणि वास उडून जाणं असतं. 'वितळवा आणि ओता' प्रकारचे पारदर्शक ग्लिसरिन साबण ६०-७० अंशांत पातळ होतात, कारण ते त्यासाठीच बनवलेले असतात. रुळांतून काढलेल्या कडक वडीला तो नियम लावू नका. १० ग्रॅम गेले, राहिले ११५.

१७ मे, शनिवार

किसण्याचा दिवस. मी बँकेत कामाला, आणि या शनिवारी बँक बंद नव्हती, त्यामुळे संध्याकाळी सुरुवात केली आणि ती चुकीची वेळ ठरली. भर दुपारी उन्हाने वडी थोडी नरम पडते तेव्हा कीस सलग निघतो. संध्याकाळी गार वडीची भुकटी निघत होती. ती नाकात जाऊन शिंकांवर शिंका. तोंडाला रुमाल बांधला, परातीत ओलसर फडकं अंथरलं आणि त्यावर किसणी धरली, तेव्हा भुकटी उडायची थांबली. फडक्याला चिकटलेला साबण वाया जाईल असं वाटलं होतं, पण फडकं सुकल्यावर झटकलं की बहुतेक परत मिळतो. तीन ग्रॅमची घट.

शेवटचा लिंबाएवढा तुकडा किसताना बोटं वाचवा. मी तो सुरीने पातळ कापला. कापलेल्या चकत्या किसात मिसळू नयेत, त्या नीट दबत नाहीत. खलबत्त्यात कुटून घ्या. खलबत्ता कोणाचा, हे आधी विचारून घ्या.

काट्यावर ११२ ग्रॅम कीस. काटा खिशात मावणारा, ३५० रुपये, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. या कामात तो चैन वाटेल, पण पुढचा सगळा निर्णय त्यावरच झाला.

१८ मे, रविवार

दाबणं. साहित्य: सुताराकडून कापून आणलेली लाकडी चकती, डबीच्या आतल्या रुंदीपेक्षा केसभर लहान (५० रुपये). दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून, चकती आणि साबणामध्ये घालायला. हे प्लॅस्टिक जाड असतं आणि साबणावरून सरकन सुटतं. साधी पातळ पिशवी चिकटते आणि सुरकुत्या उमटवते. दाबायला एक सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा सी आकाराचा शिकंजा), शेजाऱ्यांकडून मागून आणलेला.

कोरडा कीस अंगठ्याने दाबून बघितला. आर्कोसारखा चिकटत नाही, हात काढला की पुन्हा मोकळा. म्हणून १५ मिलिलिटर कोमट पाणी शिंपडून, मिसळून, झाकून तासभर ठेवला. आता मुठीत दाबला की मूद होते. पाणी याहून कमी चाललं असतं. १० पुरे झालं असतं असं आज वाटतं, कारण आत घातलेला प्रत्येक ग्रॅम नंतर बाहेर काढायचा असतो.

सगळा कीस एकदम ओतू नका. एकदम भरून दाबलं तर वरचा थर घट्ट होतो आणि खाली पोकळ्या राहतात. चार थरांत भरला. प्रत्येक थर चकतीने दाबायचा, पुढचा टाकण्याआधी जेवणाच्या काट्याने वरचा पृष्ठभाग खरवडायचा, म्हणजे थर एकमेकांना धरतात.

शेवटच्या थरावर क्लॅम्प आवळला. खाली दोन पट्ट्यांवर डबी ठेवली होती, क्लॅम्पचा जबडा मधोमध. आवळताना 'टक्' असा आवाज आला. साबणाचा असेल म्हणून पुढे आवळत गेलो. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्लॅम्प सोडला तर पुन्हा 'टक्'. तो आवाज बुडाच्या पत्र्याचा होता. पातळ पत्रा दाबाने खाली बसला आणि दाब जाताच उसळून वर आला. पूर्ण जागेवर आलाही नाही, आता डबी टेबलावर डुगडुगते. ज्या डुलण्यापासून सुटायचं होतं ते वडीतून डबीत आलं, एवढंच.

वजन: साबण १२७ ग्रॅम (डबी वगळून). ही संख्या ११२-११३ वर आली की सुकला असं समजायचं.

२१ मे

बेत असा होता की मे महिन्याच्या उन्हात दोन आठवडे पडवीत उघडा ठेवायचा. कालपासून चिपळुणात पाऊस. वळवाचा म्हणावा तर तसा नाही, रात्रभर लागून राहिला आहे. वजन १२२.

२६ मे

केरळात मान्सून यायची ठरलेली तारीख १ जून, मुंबईत ११ जून. यंदा केरळात २४ मेलाच आला, काल देवगडपर्यंत पोचला, आज मुंबईत. इकडे छपरावर ताडपत्री टाकायची राहिलेल्यांची जी तारांबळ उडाली आहे ती बघता साबणाचं रडगाणं गायला लाज वाटते. तरी नोंद: वजन १२०. पाच दिवसांत दोनच ग्रॅम.

काल रात्री पडवीत आणखी एक प्रकार झाला. आर्कोची डबी शेजारीच उघडी होती. सकाळी बघतो तर कडेला दातांचे बारीक ठसे आणि एक कोपरा गायब. उंदीर. साबण उंदरांना आवडतो, आणि झुरळंही कुरतडतात. टॅबॅकच्या डबीला तोंड लावलेलं नाही. दोन्ही डब्यांवर दूध झाकायचं जाळीचं झाकण ठेवलं आहे, ३० रुपये. वारा लागतो, उंदीर नाही.

२८ मे

वजन १२१. म्हणजे वाढलं. काटा बिघडला म्हणून पाच रुपयांचं नाणं ठेवून बघितलं, काटा बरोबर आहे. दाढीच्या साबणात ग्लिसरिन असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडा ठेवलेला साबण सुकत नाही, उलट पितो. देशावर, नगर-सोलापूरकडे, याच काळात काम केलं असतं तर हा परिच्छेद लिहावाच लागला नसता. कोकणात असाल तर हे काम थंडीत करा, फार तर मार्चपर्यंत.

आणखी एक लक्षण: साबणावर नखाने टकटक केलं की कडेला भरीव आवाज येतो, मधोमध पोकळ. मधला साबण बुडाला धरूनच नाही. वर उसळलेला पत्रा साबणाला ढकलून पुन्हा खाली आला असावा, आणि मध्ये फट राहिली. त्या फटीत दाढीचं पाणी शिरलं की साबण खालून सडतोय असं होईल.

१ जून, रविवार

सगळं पुन्हा. क्रमाने लिहितो, कारण खरं उपयोगी काम आजचंच आहे.

डबी बाहेरून गरम पाण्यात मिनिटभर धरली. कडेचा साबण थोडा सुटला, उलटी करून तळहातावर आपटली तर साबणाची अख्खी चकती बाहेर आली. खालची बाजू बघण्यासारखी होती: कडेने गुळगुळीत आणि मधोमध उथळ खळगा, त्यात किसाचे धागे मोकळेच. तिथे दाब पोचलाच नव्हता.

रिकाम्या डबीचं बूड लाकडी ठोकळ्यावर ठेवून आतून रबरी हातोडीने सपाट केलं. पूर्ण सपाट होत नाही, पण डुगडुग गेली. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने बूड आणि खालची सेंटीमीटरभर कड आतून खरखरीत केली. नवं स्टील इतकं गुळगुळीत असतं की त्याला साबण धरायला काही नसतं. पॉलिश पेपर १५ रुपये. घासून झाल्यावर डबी नीट धुवा, लोखंडी कणी आत राहिली तर गंजाचा डाग येतो.

नंतर बुडाला साबणाचाच हात दिला. चकतीच्या खालच्या बाजूचा थोडा साबण पाण्यात कालवून दाट मलम केलं, बोटाने बुडावर पातळ पसरलं आणि दुपारभर पंख्याखाली सुकवलं. वर पुन्हा एक हात. तो ओला असतानाच, खालची बाजू किंचित भिजवून, चकती आत बसवली. खळग्यात जास्तीचं मलम भरलं.

क्लॅम्प परत केला. त्याऐवजी डबीखाली वाळूची पिशवी, म्हणजे बुडाला सगळीकडून सारखा टेकू मिळतो, आणि वर लाकडी चकतीवर पाच किलो तांदळाचा डबा. दाब कमी, पण चोवीस तास. पत्रा पातळ असेल तर जोर नको, वेळ द्या. जाड बुडाची डबी असेल तर क्लॅम्प बिनधास्त चालेल, आणि पुढच्या वेळी मी तीच घेणार.

वजन १२३. पुन्हा वर.

२ जून

तांदळाचा डबा काढला. 'टक्' नाही. नखाचा आवाज सगळीकडे सारखा. डबी उलटी करून हलवली, साबण पडला नाही.

८ जून, रविवार

सुकवण्याचा प्रश्न एसीने सोडवला. झोपायच्या खोलीतला एसी रात्री 'ड्राय'वर (म्हणजे हवेतला ओलावा काढून घेण्यावर) ठेवतो, डबी कपाटावर उघडी. पहिल्याच रात्रीत दोन ग्रॅम गेले. आज ११६. सौभाग्यवतींचं म्हणणं, "अहो, त्या एसीचं बिल साबणापेक्षा जास्त होईल." एसी उकाड्यासाठी लावला आहे, साबण फुकटात सुकतोय, अशी माझी भूमिका आहे. ती मान्य झालेली नाही.

फ्रिजमध्ये ठेवायचाही सल्ला मिळाला होता. बर्फ न साचणाऱ्या फ्रिजची हवा कोरडी असते, त्यामुळे सुकेल खरा. पण लोण्याला टॅबॅकचा वास लागला तर पडवीतूनही हकालपट्टी. तांदळात पुरून ठेवणं निरुपयोगी, मी आर्कोच्या तुकड्यावर करून बघितलं, वजनात काही फरक नाही. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात घातल्या तर चालतं, मात्र पुड्या भरपूर लागतात आणि ओलावा पिऊन झाल्या की तापवून परत कोरड्या कराव्या लागतात.

१४ जून

११३. काल ११३, आज ११३. थांबला.

सुकताना साबण आक्रसतो हे गृहीत होतं. एका बाजूला कड आणि साबण यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली आहे, दुसऱ्या बाजूला नाही. बूड धरून आहे, त्यामुळे वडी फिरत नाही. फटीत साबणाचं मलम भरून बघितलं, सुकल्यावर त्याची खपली होऊन पडली. नाद सोडला.

१५ जून, रविवार

पहिली दाढी. ब्रश भिजवून झटकला, डबीत अर्धा मिनिट फिरवला. साबण जरूरीपेक्षा जास्त सुटला. मूळ वडीवर एवढाच साबण यायला बहुधा मिनिट लागलं असतं, कारण तिचा पृष्ठभाग दाट दाबलेला असतो. फेस छान, दाट. आमच्याकडचं पाणी मऊ, त्याचाही हात असेल. वास मूळ वडीपेक्षा उतरला आहे, साधारण पाऊण राहिला असेल.

त्रास एकच: ब्रशात किसाचे कण अडकले आणि गालावर पांढरे दाणे आले. वरचा थर अजून एकजीव झालेला नाही. दाढी झाल्यावर ओल्या चमच्याच्या पाठीने पृष्ठभाग गोल गोल दाबत घासला आणि सुकायला ठेवला.

२२ जून

दाणे बंद झाले. वर चकाकी आली आहे. कडेची फटही फेसाने आपोआप बुजत चालली आहे, त्या दिवशी मलम भरण्यात संध्याकाळ घालवायला नको होती.

खर्च: डबी १६०, किसणी ६०, लाकडी चकती ५०, पॉलिश पेपर १५, जाळीचं झाकण ३०. एकूण ३१५ रुपये. काट्याचे ३५० धरले तर ६६५. आर्कोच्या कांड्या वापरातच आहेत, त्या यात धरत नाही (उंदराने खाल्लेला कोपरा धरावा का?). वेळेचं म्हणाल तर हाताचं काम सगळं मिळून एका सुट्टीत आटोपेल एवढंच. बाकी सगळा काळ पावसाने खाल्ला.

६ जुलै, आषाढी एकादशी

स्टीलचं झाकण या हवेत लावता येत नाही. लावलं की आतून दव धरतं, थेंब साबणावर पडतात आणि सकाळी वरचा थर बुळबुळीत. दाढीनंतर डबी तिरपी करून पाणी निथळवतो, मग जाळी. झाकण प्रवासापुरतं.

बुडाची टकटक दर रविवारी करतो, अजून भरीव आहे. फटीच्या बाजूने पाणी खाली उतरतंय का हे बघायला आज फट कागदाच्या टोकाने तपासली. कागद तीन-चार मिलिमीटर गेला आणि अडला, कोरडा बाहेर आला.

भाच्याचा फोन होता. दिवाळीत येतो म्हणाला, आणखी एक वडी आणू का विचारत होता. आण म्हटलं. या वेळी जाड बुडाची डबी आधी घेईन आणि डिसेंबरात किसायला बसेन.